पोरींचा अर्धा तास

मॅडम,

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात एक मीटिंग झाली आणि तिथं बसल्या बसल्या तुमची फार आठवण झाली. मी आता तुमचंच काम करते. नर्सिंगच्या मुलींना शिकवते, सकाळी त्यांना वॉर्डात घेऊन जाते, दुपारी वर्ग घेते. तुम्ही असतात तर हसला असतात. ‘ओतूर, तू? तुला तर बिछान्याची चादर सरळ घालता येत नव्हती,’ असं म्हणाला असतात. मीटिंगचा विषय होता मुलींची जेवणाची सुट्टी. हॉस्पिटलचे नवे व्यवस्थापक म्हणाले, ड्यूटीवर आलेल्या मुली अर्धा तास खोलीत बसून मोबाईल बघतात, तेवढ्यात वॉर्डात बीपी घ्यायला माणूस नसतं. तेव्हा ही सुट्टी आता कमी करू, आणि तीही वॉर्डात काम नसेल तेव्हाच देऊ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात काम नसेल तेव्हा! असा दिवस तुम्ही कधी पाहिलात का, मॅडम? मी तर अजून पाहिलेला नाही.

घरी आल्यावर ठरवलं की तुम्हाला लिहायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. पण जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी सगळी ओळख करून द्यावी लागेल, आणि ओळख करून देताना तुम्ही एक तर फार चांगल्या वाटाल किंवा फार कडक. तुम्ही दोन्ही होतात.

आपलं ते हॉस्पिटल आठवतं. जुन्नर तालुक्यातलं, ट्रस्टचं, मागच्या बाजूला आमचं होस्टेल, पुढं द्राक्षाचे मळे. आम्ही पोरी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरच्या. तुम्हाला पहिल्या दिवसापासून नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून तुम्ही आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायला लागलात. मी ओतूर. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची ती आहुपे. वडिलांचा कांदा ओतूरच्या बाजारात जायचा म्हणून मला बाजार, एसटी स्टँड, कॉलेजची पोरं हे सगळं सवयीचं होतं. ती मात्र थेट डोंगरातून आली होती. भीमाशंकरच्या अंगच्या त्या गावाचं नाव मीसुद्धा तोवर फक्त ऐकलं होतं. पहिल्या महिन्यात तिला होस्टेलच्या जिन्यावरून उतरायची भीती वाटायची, आणि डोंगर चढायचा म्हटलं की आम्ही सगळ्या एकीकडे आणि ती एकीकडे. कुठल्याही पेशंटपाशी जाऊन ती ‘काय दुखतंय रं बाबा?’ म्हणाली की म्हातारे लोक गोळी न घेता निम्मे बरे व्हायचे. तुम्ही एकदा मला म्हणाला होतात, ‘ही पोरगी जन्मतःच नर्स आहे. तुला घडवावं लागेल.’ मला राग आला होता, पण ते खरं होतं.

ड्यूटीवर बसायचं नाही, हा तुमचा नियम. नियम कसला, धर्मच होता. स्टाफला खुर्ची, इन्चार्ज सिस्टरना खुर्ची, आम्ही विद्यार्थिनी उभ्या. सकाळी आत शिरलो की दुपारी सुटेपर्यंत उभ्या. पेशंटच्या नातेवाइकांच्या स्टुलावर मी एकदा टेकले, तर तुम्ही लांबूनच बोट केलंत, आणि मी विंचू चावल्यासारखी उठले. जेवणाचं कुणी विचारायचं नाही. ज्या दिवशी काम हलकं असेल त्या दिवशी वॉर्डातल्या मावशी एखादा चहाचा कप पडद्याआड सरकवायच्या, तो गरम गरम घशात ओतायचा आणि पुढच्या खाटेकडे पळायचं. लघवीला जायचं तरी विचारून. तुम्ही म्हणायचात, ‘नर्सला ड्यूटीवर भूक लागत नसते.’ आम्ही ते वाक्य होस्टेलवर तुमच्या आवाजात म्हणून हसायचो. सगळ्यांत चांगली नक्कल आहुपे करायची.

तो दिवस एप्रिलमधला. होस्टेलच्या मेसमधला गॅस सकाळीच संपला होता, म्हणून नाश्ता झाला नव्हता. चहासुद्धा गारढोण मिळाला. आम्हा दोघींना लेबर रूम होती. एक बाई पहाटेपासून अडली होती, पहिलटकरीण, आणि बाहेर तिची सासू देवाचं नाव घेत येरझाऱ्या घालत होती. वीज गेलेली. जनरेटरवर दिवा तेवढा चालायचा, पंखा नाही. आहुपे त्या बाईच्या उशाशी उभी राहून तिच्या कपाळावरचा घाम पुसत होती. उन्हं वर आली तशी तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘म्याडम, जराशी जाऊन काही खाऊन येऊ का?’ तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. बऱ्याच वेळानं तिनं परत विचारलं. या वेळी ती भिंतीला हात लावून उभी होती.

‘म्याडम, लई गरगरतंय.’

‘इथं बाई अडलीय,’ तुम्ही म्हणालात, ‘दोन जीव आत आहेत, आणि तुला खाणं सुचतंय? लाज नाही वाटत?’

मी ते ऐकलं. त्या अडलेल्या बाईनंही ऐकलं असणार, कारण तिनं कण्हता कण्हता आहुपेचा हात धरला. आहुपेनं भिंतीवरचा हात काढला आणि सरळ उभी राहिली.

थोड्याच वेळात बाळ झालं. मुलगा, लगेच रडला. डॉक्टरांनी नाळ कापली, तुम्ही बाळ हिरव्या कापडात गुंडाळून आहुपेच्या हातात दिलंत, कोपऱ्यातल्या टेबलावर न्यायला. चार पावलांचं अंतर. ती दोन पावलं चालली आणि थांबली. मी टेबलापाशीच होते. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, ‘धर’ एवढंच म्हणाली, आणि बाळ माझ्या अंगावर ढकललं. मी ते छातीशी धरलं तोवर ती तोंडावर कोसळली होती. बाळंतपणाच्या टेबलावर चढायला बाईसाठी ठेवलेली लोखंडी पायरी होती ना, तिच्या कडेवर.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही. तुम्हालाही तो ठाऊक आहे.

तुम्ही पळत आलात, मॅडम, आणि आधी माझ्याकडे आलात. बाळाचं कापड उघडलंत, डोकं, मान, हातपाय सगळं पाहिलंत. मग खाली वाकलात. आहुपे शुद्धीवर होती. जमिनीवर पडल्या पडल्या ती तुमच्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांतून रक्त येत होतं. तुमचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. आज माझ्या मुलींना मी हेच शिकवते, आधी पेशंट. पण त्या क्षणी तिनं तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी अजून विसरलेले नाही, आणि मला वाटतं तुम्हीही विसरला नव्हतात.

पुढचे दोन दात गेले, ओठाला टाके पडले. मेट्रन म्हणाल्या, ‘डोंगरातल्या पोरी अशक्तच असतात, घेतानाच बघून घ्यायला हवं.’ तुम्ही तिथं उभ्या होतात. तुम्ही ऐकून घेतलंत. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. डोक्याला मुंडासं, हातात पिशवी, पायात गाडीच्या टायरच्या चपला. कुणाशी भांडले नाहीत. तिची ट्रंक उचलली, तिच्या तोंडाला टॉवेल लावला आणि दोघं एसटी स्टँडकडे चालत गेली. मी होस्टेलच्या गच्चीवरून बघत होते. तुम्ही वॉर्डाच्या खिडकीत उभ्या होतात, हेही मला वरून दिसत होतं.

त्यानंतर तुम्ही आमच्यावर ओरडणं बंद केलंत. आम्हाला ते ओरडण्यापेक्षा जास्त जाचलं. मे महिन्यात एका रविवारी सकाळी तुम्ही होस्टेलवर आलात, साध्या सुती साडीत, आणि मला म्हणालात, ‘ओतूर, चल. आहुप्याला जाऊ. पोरीला घेऊन येऊ.’ तुम्हाला साडीत पाहायची आम्हाला सवय नव्हती. जुन्नरहून आपण घोडेगावला आलो, तिथं गाडी बदलली. डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं गाडी जात होती, पाणी खाली खाली गेलेलं, आणि तळाची माती भेगाळून उघडी पडलेली. अलीकडच्याच एका वाडीशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढं रस्त्याचं काम चाललंय म्हणाला, चालत जा. चाललो आपण. वरून ऊन, वाटेत माणूस नाही. गावाजवळच्या देवराईत शिरलो तेव्हा एकदम गार वाटलं. मी म्हटलं, ‘मॅडम, इथं जरा बसू या का?’ तुम्ही म्हणालात, ‘नको. बसले तर मला परत जावंसं वाटेल.’

तिच्या घराच्या अंगणात हिरडे वाळत घातले होते. तिची आई ते पायानं हलवत होती. तिनं आपल्याला पाहिलं, तुम्ही कोण ते विचारलं नाही, ओळखलंच असावं. आत जाऊन घोंगडी आणली आणि पडवीत अंथरली. तुम्ही उभ्याउभ्याच बोलायला लागलात, ‘मी तिची ट्यूटर. मला तिच्या वडिलांशी...’

‘आधी बसा,’ ती म्हणाली. ‘कवाधरनं चालत आलाय. तोंड बगा कसं उतारलंय.’

तिनं आपल्यापुढं नाचणीची आंबील ठेवली, ताक घातलेली, वर कांदा. तुम्ही म्हणालात, नंतर घेते, आधी बोलू. तिनं वाडगा तुमच्या हातातच दिला. ‘आधी खा, मंग बोला. उपाशी माणसाचं बोलनं बी उपाशीच ऱ्हातं.’ मी तुम्हाला पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकताना पाहिलं. तुम्ही मांडी घातलीत आणि आंबील प्यायलात. वाडगा रिकामा झाला तसा तिनं परत भरला, तोही प्यायलात. त्या दिवशी सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तिचे वडील आले. तुम्ही सगळं सांगितलंत. वर्ष वाया जाईल, हुशार पोरगी आहे, तिच्यासारखी माझ्याकडे दुसरी नाही, मी स्वतः लक्ष देईन. ते खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले,

‘म्याडम, राग न्हाई तुमच्यावं. पोर धाडली ती तुमच्या जिवावंच धाडली व्हती. पन एक इचारू का? आमी बैल जुपतो औताला. मुकं जनावर हाय ते. त्याला बी दुपारचं सोडतो आमी. पानी दावतो, सावलीला बांदतो. तुमच्याकडं पोरींला कवा सोडत्यात?’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. टोमणा असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात आहुपे बाहेर आली. पदर तोंडावर धरलेला. ती तुमच्या पाया पडली आणि पहिला प्रश्न तिनं विचारला तो असा, ‘म्याडम, त्ये बाळ कसं हाय?’

मॅडम, तुम्हाला कुणापुढं रडताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. बाळ छान आहे, म्हणालात, आई बाळाला घेऊन घरी गेली, जाताना तुझी चौकशी करत होती. मग म्हणालात, ‘तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तुला मी जाऊ द्यायला हवं होतं.’ ती नुसती मान हलवत होती. तुम्ही परत चल म्हणालात. तिनं बराच वेळ घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. ‘न्हाई म्याडम,’ ती म्हणाली. ‘तिथं उभं ऱ्हायचं म्हनलं की मला भ्या वाटतंय. मी पुन्ना पडले आन कुनाचं बाळ हातातनं सुटलं तर?’ तुम्ही तिला आग्रह केला नाहीत. मी मनातल्या मनात म्हणत होते, करा, आग्रह करा, ती येईल. आजही मला वाटतं की अजून दोनदा म्हटलं असतंत तर ती आली असती. पण तिला अजून एकदा एखादी गोष्ट करायला लावायची तुमची हिंमत नव्हती.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात. घोडेगाव जवळ आलं तेव्हा, मी विचारलेलं नसताना, बोलायला लागलात. तुमच्या ट्रेनिंगच्या वेळची गोष्ट. तुमच्या सिस्टर कशा होत्या, भिंतीला पाठ टेकली तरी कसं बोलायच्या, तुमच्या पायांना पहिल्या वर्षी कशा गाठी आल्या. ‘मला वाटायचं, उभं राहून राहून माणूस टणक होतो,’ तुम्ही म्हणालात. ‘मी झाले टणक. म्हणून वाटलं, हाच रस्ता. टणक झालेल्याच मागं राहिल्या, ओतूर. ज्या गेल्या त्या कुठं गेल्या, हे आम्ही कधी मोजलंच नाही.’

त्याच आठवड्यात तुम्ही मेट्रनकडे गेलात. आत काय झालं ते मावशींनी आम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, मुलींना रोज ड्यूटीत अर्धा तास हवा, बसून जेवायला. मेट्रन म्हणाल्या, मुली बसल्या तर काम कोण करणार? तुम्ही म्हणालात, मी करीन. त्यांना वाटलं, रागाच्या भरात बोलताय. पण तुम्ही खरंच केलंत. प्लास्टरच्या जुन्या खोलीतलं सामान वॉर्डबॉय मामांना सांगून काढून घेतलंत, एक बाकडं आणलंत, पाण्याचा माठ ठेवलात, खिडकीला पडदा लावलात. आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दोघी दोघी करून आत पाठवायला लागलात. ‘जा. खा. झोप आली तर डोळे मिटा. मी हाक मारीपर्यंत बाहेर यायचं नाही.’

ज्या दोघी आत, त्यांच्या खाटा तुमच्याकडे. तुम्ही बीपी घ्यायचात, सलाईन बदलायचात, बेडपॅन उचलायचात. ट्यूटरनं बेडपॅन उचलायचं म्हणजे काय, हे आज त्या खुर्चीवर बसल्यावर मला कळतं. स्टाफ हसायचा. एक डॉक्टर तुम्हाला मोठ्यानं म्हणाले, ‘सिस्टर, परत फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतली का?’ तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि बेडपॅन घेऊन पुढं गेलात. पहिले काही दिवस आम्हाला त्या खोलीत घास गिळवत नव्हता. बाहेर तुमच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. मग सवय झाली. आम्ही जेवायला लागलो, गप्पा मारायला लागलो, बाकड्यावर एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून पडायला लागलो. कुणाला घरची आठवण आली तर तिथं रडून घ्यायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. वर्ष संपता संपता मेट्रननी तो अर्धा तास मान्य केला. का केला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या हातून चुका कमी व्हायला लागल्या होत्या, हे एक. आणि तुम्ही थकत नव्हतात, हे दुसरं असेल.

पण तुम्ही स्वतः त्या खोलीत एकदाही बसला नाहीत. एकदा आईनं ओतूरहून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. मी डबा घेऊन तुमच्याकडे आले. ‘मॅडम, चला ना आत.’ तुम्ही म्हणालात, ‘माझं झालंय.’ झालेलं नव्हतं. तुम्हाला शुगर आहे, वेळेवर खायला हवं, हे आम्हाला ठाऊक होतं, मावशी बोलायच्या. तरी मी डबा घेऊन परत गेले आणि आत बसलेल्या आम्ही दोघींनी तो संपवला. आहुपेच्या आईनं वाडगा हातात दिला होता तसा मी तुमच्या हातात डबा द्यायला हवा होता. मी लहान होते, तुमचा धाक होता, हे सगळं खरं. पण मला वाईट वाटतं ते वाटतंच. आम्हा सगळ्यांना बसवून तुम्ही उभ्या राहिलात, आणि तुम्हाला बसवणारं आमच्यात कुणी निघालं नाही.

मी पुण्याला नोकरी करत होते तेव्हा तुम्ही गेल्याचं कळलं. आधी एक पाय काढावा लागला होता, हेही तेव्हाच कळलं. मी दहाव्याला आले. नदीच्या घाटावर तुमचे भाऊ भेटले. मी विद्यार्थिनी म्हटल्यावर म्हणाले, ‘शेवटी शेवटी लई चिडायची. म्हणायची, मला बसून बसून कंटाळा आलाय.’ घाटावर सगळे थोडं हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र मला आवरेना.

तर ती मीटिंग. मी बोलले शेवटी. त्या बाळाची, त्या लोखंडी पायरीची गोष्ट सांगितली, तुमचा माझा उल्लेख न करता. अर्धा तास राहिला, मॅडम. पण मोबाईल बाहेर ठेवायचा असं ठरलं, आणि त्याला मी विरोध केला नाही, कारण मलाही ते मोबाईल आवडत नाहीत. आता मुली माझ्यावर रागावल्या आहेत. परवा एक जण म्हणाली, ‘मॅडम, माझी आई तेवढ्याच वेळात फोन करते. आमच्या तळेघरला संध्याकाळी रेंज नसते.’ मला कसंसंच झालं. सुट्टी द्यायची आणि वर तिचं काय करायचं तेही आपणच ठरवायचं, म्हणजे ती परत ड्यूटीच झाली. पुढच्या मीटिंगमध्ये मी हे बोलणार आहे. तुम्ही काय म्हणाला असतात, माहीत नाही. कदाचित म्हणाला असतात, ‘आधी डबा संपव, मग फोन.’

आणि एक सांगायचं राहिलं. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले, पण इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले.

मला आहुपे भेटली. काही वर्षांपूर्वी, घोडेगावला. आमच्या मुलींना तिथल्या दवाखान्यात पोस्टिंग होतं आणि ती एका बाळंतिणीला घेऊन आली होती. ती तिच्या गावाची आशा सेविका आहे. डोंगरातल्या बायांना दवाखान्यापर्यंत आणायचं काम करते, रस्ता नसेल तिथं झोळी करून आणते. हसताना अजून तोंडावर हात धरते, दात बसवलेत तरी. आम्ही बाकावर बसलो होतो, समोर माझ्या मुली डबे उघडून जेवत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

‘ह्या ड्यूटीवं हायेत ना? मंग बसून जेवत्यात कशा?’

मी तिला सगळं सांगितलं. ती गेल्यावर काय झालं ते, ती खोली, तो माठ, तुम्ही उचललेले बेडपॅन. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पत्र लिहिलं नाही, तीही परत कधी जुन्नरकडे फिरकली नाही, वर्षं अशीच गेली.

‘माझ्यापायी?’ तिनं विचारलं.

‘हो. तुझ्यापायी.’

ती हसली, मॅडम, आणि हात तोंडावर न्यायला विसरली. ‘आन मी इतकी वर्सं समजत व्हते, म्याडमनी मला इसरून टाकलं असंल,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘कशा हायेत म्याडम?’

मी म्हटलं, ‘बऱ्या आहेत.’

तोंडातून निघून गेलं. त्या हसण्यासमोर दुसरं काही बोलवेना. वाटलं, पुढच्या भेटीत सांगू. पण भात काढला की दिवाळीनंतर ती घोडेगावपर्यंत येते आणि एक पिशवी माझ्या हातात देते, डोंगरातला घरचा तांदूळ, हातानं निवडलेला. ‘ह्यो तुला, आन ह्यो म्याडमला,’ असं म्हणून दोन पुडे वेगळे बांधलेले असतात. तुमचा पुडा नेहमी थोडा मोठा असतो. मी तो घेते. मॅडमना आवडला का, म्हणून ती विचारते, आणि मी हो म्हणते.

यंदाचाही आलाय. दोन्ही पुडे मीच शिजवते, मॅडम. भात फार चांगला होतो.